‘दिवस गेल्यावर तपासण्या होतातच, मग आधी कशाला?’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, उंची १५५ सेंमी, वजन ६८ किलो. पीसीओएस (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) आहे, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. आईला मधुमेह, वडिलांना बीपी. येत्या सहा महिन्यांत बाळाचा विचार आहे. ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटीची शुगर १०४ आली, तिथे ‘नॉर्मल’ म्हणून सोडून दिली. सासूबाई म्हणतात, दिवस गेले की डॉक्टर सगळं बघतातच, आत्ता रक्त देत कशाला फिरायचं? आणि तुम्हाला तपासण्यांची यादी हवी आहे.

यादी देते, पण खरा प्रश्न वेळेचा आहे, तो आधी समजून घ्या. सासूबाईंना उत्तरही त्यातच मिळेल.

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. किटवर दोन रेघा बघेपर्यंत पाचवा आठवडा, दवाखान्यात पहिल्यांदा जाईपर्यंत सातवा-आठवा, आणि सगळे रिपोर्ट हातात येईपर्यंत बऱ्याच जणींचा दहावा उजाडतो. आता बाळाकडचं वेळापत्रक बघा. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून तयार होतात ती सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. हृदयाचे ठोके त्याच सुमारास सोनोग्राफीत दिसू लागतात. दहावा आठवडा संपेपर्यंत बहुतेक अवयवांची मूळ घडण झालेली असते. त्यामुळे आईची शुगर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात खूप वाढलेली असेल आणि ती बाराव्या आठवड्यात सापडली, तर पुढचे सहा महिने नीट सांभाळता येतात, पण झालेली घडण मागे जाऊन बदलता येत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. पाळी दोन-दोन महिने येत नसेल तर ती ‘चुकली’ हे कळणारच कसं? पीसीओएसमध्ये दिवस गेल्याचं उशिरा लक्षात येणं नेहमीचंच. इतर बाईला मिळणारे ते दोन-तीन आठवडेही तुमच्या हातात असतीलच असं नाही.

आपल्याकडच्या व्यवस्थेतही इथेच फट आहे. सरकारी कार्यक्रमात मधुमेह-बीपीची सरसकट तपासणी तिशीनंतर सुरू होते; आशाताई घरी येऊन जो जोखमीचा फॉर्म भरतात तो ३० वर्षांपुढच्यांचा असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी मातृत्व अभियानाची तपासणी गरोदर बाईसाठी, आणि तीही मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी. पहिलं मूल मात्र बहुतेकींना तिशीच्या आत होतं. म्हणजे विशीतल्या, अजून दिवस न गेलेल्या बाईला आपणहून कोणी बोलवत नाही. तिने स्वतः जाऊन सांगावं लागतं: ‘मला काही होत नाही, पण बाळाचा विचार आहे, तपासा.’

आता तुमची शुगर. १०४ ला ‘नॉर्मल’ का म्हणाले असतील? काही लॅबच्या कागदावर उपाशीपोटीची मर्यादा ११० छापलेली असते, काहींच्या १००. मधुमेहाच्या उंबरठ्याची व्याख्याच दोन ठिकाणांहून आली आहे: अमेरिकेची मधुमेह संघटना १०० ते १२५ धरते, जागतिक आरोग्य संघटना ११० ते १२५. आपल्या शरीराची ठेवण आणि तुमच्या आईचा मधुमेह बघता मी १०० चीच रेघ धरेन. उंची-वजनावरून तुमचा बीएमआय साधारण २८ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात, म्हणजे वजनही जोखमीच्या बाजूला आहे. एवढ्यावर ‘मधुमेह आहे’ म्हणता येत नाही, पण नुसती उपाशीपोटीची शुगर तुम्हाला पुरेशी नाही हे नक्की. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीचा आकडा बरा आणि दोन तासांनंतरचा चढलेला, असं पुष्कळदा असतं.

म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी करा. आधीचे तीन दिवस रोजच्यासारखं जेवा. भात-पोळी बंद करून चाचणीला गेलात तर निकाल उलटा बिघडू शकतो, कारण उपवासाची सवय लागलेलं शरीर अचानक आलेली साखर नीट हाताळत नाही. रात्री नऊनंतर फक्त पाणी. सकाळी पहिलं रक्त, मग पाव लिटरभर पाण्यात विरघळवलेलं ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायचं, आणि दोन तास बसून राहायचं. मधे चहा नाही आणि वेळ घालवायला बाजारात फेरी नाही, चालण्याने आकडा खाली येतो. उलटी झाली तर ती चाचणी रद्द समजून दुसऱ्या दिवशी करा. दोन तासांनंतर १४० च्या आत असेल तर ठीक. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. २०० किंवा वर म्हणजे मधुमेह, आणि लक्षणं नसतील तर तो दुसऱ्या तपासणीने पक्का करायचा. उपाशीपोटी १२६ किंवा वर आली तरी तेच.

सोबत एचबीएवनसी करा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी. ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. पण या एका आकड्यावर विसंबू नका. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटा वाढलेला दिसतो, आणि नुकत्याच लोहाच्या गोळ्या सुरू केल्या असतील किंवा सिकलसेल-थॅलेसेमियासारखा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल तर तो खोटा कमीही येतो. आपल्याकडे १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना अ‍ॅनिमिया आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा आकडा ५७ टक्के होता. म्हणून एचबीएवनसीच्या शेजारी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद ठेवूनच मी तो वाचते.

मधुमेह निघाला तर काय? घाबरायचं काहीच कारण नाही, फक्त घाई करायची नाही. एचबीएवनसी ६.५ च्या खाली आणून मग प्रयत्न सुरू करायचे, आणि १० च्या वर असेल तर तोवर गर्भनिरोधक वापरायचंच. ‘शुगरचे उपचार चालू आहेत, मधे राहिले दिवस तर राहू दे’ असं बरीच जोडपी ठरवतात, ते बरोबर नाही. हा आकडा मागच्या आठ ते बारा आठवड्यांचा हिशेब दाखवतो, म्हणून तो सुधारलेला दिसायलाही तीन महिने लागतात. मधुमेह जुना असेल तर डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन आधी बघून घ्यायचं. गरोदरपणात डोळ्यांचा त्रास वेगाने वाढू शकतो.

आणि नुसता उंबरठा निघाला, जे तुमच्या बाबतीत मला जास्त संभवतं, तर सहा महिने हा चांगला काळ आहे. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास कमी झालं तरी शुगर आणि पाळी दोन्हींत फरक पडतो. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही: वजन उतरलं किंवा मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू झाली की बंद पडलेलं बीजनिर्माण परत सुरू होतं, आणि पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात. म्हणून फोलिक अ‍ॅसिड आजपासूनच सुरू करा, ‘प्रयत्न सुरू करू तेव्हा’ नाही.

फोलिक अ‍ॅसिड किती? सर्वसाधारण बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, दिवस जाण्याआधी निदान महिनाभर, जमल्यास तीन महिने. आपल्या मेडिकलमध्ये हमखास मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे बारापट. ती मधुमेह असलेल्या, फिटची औषधं घेणाऱ्या किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असलेल्या बाईसाठी. बाकीच्यांनी घेतली तर अनर्थ होत नाही, पण तुम्ही शुद्ध शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ आधी तपासा. बी-१२ ची कमतरता असताना भरपूर फोलिक घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. सरकारी केंद्रातून मिळणारी आठवड्याची लाल गोळी ही लोहासाठी आहे. तिच्यात फोलिक ५०० मायक्रोग्रॅम असलं तरी ते आठवड्यातून एकदा. ती घेताय म्हणून रोजचं फोलिक सोडू नका.

बीपीकडे येते. १४०/९० किंवा वर दोन वेगळ्या दिवशी आलं तर ते उच्च रक्तदाब. घरी मोजत असाल तर १३५/८५ ही मर्यादा धरा. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलायचं नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्याने आकडा फुगतो. पण बीपी आधीच का बघायचं? कारण गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात ते आपोआप उतरतं. आधीपासून १४४/९२ असलेल्या बाईचं बीपी सोळाव्या आठवड्यात १२४/७८ दिसू शकतं, सगळे निर्धास्त होतात, आणि तिसाव्या आठवड्यात ते वर आलं की हे जुनं बीपी की प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणामुळेच बीपी वाढण्याचा गंभीर आजार) हे ठरवताना डॉक्टर अडतात. दोन्हींची वागणूक वेगळी, प्रसूती कधी करायची याचा निर्णयही वेगळा. मूळ आकडा कागदावर असेल तर गोंधळ होत नाही. जुना उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार माहीत असेल तर बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करून प्रीएक्लॅम्पसियाची शक्यता कमी करता येते. आजारच माहीत नसेल तर ती संधी निसटते. ती गोळी मनाने मात्र सुरू करू नका.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि लघवीतलं प्रोटीन यांचंही असंच. गरोदरपणात क्रिएटिनिन खाली जातं, त्यामुळे एरवी चालणारं ०.९ तेव्हा संशयास्पद ठरतं. आधीचा आकडा हाताशी असलेला बरा.

सीबीसीमध्ये सगळे फक्त हिमोग्लोबिन बघतात. १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, बरोबर, पण त्याखालच्या ओळी मला जास्त सांगतात. एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ८० च्या खाली किंवा एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली, आणि लाल पेशींची संख्या मात्र ५० लाखांच्या पुढे, असं दिसलं तर हा लोहाचा प्रश्न नसून थॅलेसेमियाचं वाहकपण, म्हणजे स्वतःला आजार नसून तो दोष पुढे देऊ शकणं, असू शकतं. त्यासाठी एचपीएलसी नावाची तपासणी करतात. त्यात एचबीए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर वाहक धरतात. लोह फार कमी असेल तर हाच आकडा थोडा खाली येऊन वाहकपण झाकलं जातं, म्हणून सीमेवरचा रिपोर्ट लोह भरून काढल्यावर पुन्हा करावा. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर एचपीएलसी व्हायलाच हवी.

इथे कुटुंब कुठलं हेही महत्त्वाचं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत थॅलेसेमियाचं वाहकपण जास्त आढळतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल आहे, आदिवासी समाजांत आणि इतरही काही समाजांत. माहेर किंवा सासर यांपैकी कोणाचंही मूळ तिथलं असेल तर तपासणी टाळू नका. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ती सरकारी केंद्रांत होते. वाहक बाई स्वतः ठणठणीत असते. प्रश्न येतो तो नवराही वाहक असेल तर: मग दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून तुमचा रिपोर्ट वाहक आला तर त्याच आठवड्यात नवऱ्याचा करायचा. दोघं वाहक असलात तर साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन बाळाचं निदान होतं. पण हे दहाव्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं तर नवऱ्याचा रिपोर्ट, समुपदेशन, मोठ्या केंद्राची वेळ या सगळ्याला जेमतेम काही आठवडे उरतात.

लोह खरंच कमी असेल तर गोळी चहापासून निदान तासभर दूर ठेवा, लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत घ्या. हिमोग्लोबिन १२ झालं की गोळ्या थांबवतात, ती चूक. साठा भरायला त्यापुढे आणखी तीन महिने लागतात.

थायरॉइडचं लवकर उरकते, कारण ते सोपं आहे. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा, पाळी अनियमित असल्याने तुम्हाला ती लागतेच. केस-त्वचेसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, त्यांनी रिपोर्ट चुकतो. थायरॉक्सिनची गोळी आधीपासून चालू असलेल्या बाईने टीएसएच २.५ च्या खाली आणून प्रयत्न सुरू करावेत, आणि दिवस गेल्याचं कळताच डोस वाढवावा लागतो; नेहमीची पद्धत आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्यांची. हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घेतलं की अपॉइंटमेंटची वाट बघत तीन आठवडे जात नाहीत. लोह-कॅल्शियम आणि ही गोळी यांत चार तासांचं अंतर हवं.

हृदयासाठी स्टेथोस्कोप आणि दोन प्रश्न पुरतात. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं घेतली होती का? आणि जिना चढताना बरोबरीच्या बायकांपेक्षा जास्त दम लागतो का? उत्तर हो असेल किंवा हृदयात वेगळा आवाज असेल तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. संधिवाताच्या तापाने आकसलेली झडप एरवी निमूट असते. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढलं की फुप्फुसात पाणी होऊ शकतं. तीच झडप आधी सापडली तर फुग्याने रुंद करून मग बाळाचा विचार करता येतो.

औषधांवर जरा थांबते, कारण लोक इथे दोन्हीकडे चुकतात: काहीजणी धोक्याची गोळी चालू ठेवतात, काही आवश्यक गोळी भीतीने सोडतात. घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. बीपीच्या गोळीचं नाव ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपत असेल, जसं रामिप्रिल, टेल्मिसार्टन, तर ती बदलून लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिनसारखी द्यावी लागते. कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन साधारणपणे आधीच थांबवतात. फिट, मायग्रेन किंवा मनःस्थितीच्या आजारासाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर डॉक्टरांना हे नाव घेऊन विचारा. त्याने बाळात व्यंग येण्याचं प्रमाण दहात एकाच्या आसपास आहे आणि बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. पण ते एकदम बंद केलं तर मोठी फिट येऊ शकते. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटॅमवर जायला काही महिने लागतात, म्हणूनच हे आधी करायचं. पीसीओएसमध्ये मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन आणि अंगावरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन देतात. पहिलं किमान महिनाभर आधी बंद झालेलं हवं, दुसरंही आधी थांबवायचं. संधिवाताचं मेथोट्रेक्झेट काही महिने आधी थांबवतात, पण ल्युपस या प्रतिकारशक्तीच्या आजारासाठीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालूच ठेवतात. भस्मं असलेली औषधंही पिशवीत घाला. काही भस्मांत शिसं आढळलं आहे.

लसींपैकी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. लहानपणी लस घेतल्याची नोंद नसेल तर रुबेला आयजीजी (रक्तात प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी तपासणी) करा किंवा सरळ एमएमआर लस घ्या, आणि त्यानंतर एक महिना दिवस जाऊ देऊ नका. गरोदरपणात ती देता येत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या तपासण्या दोघांनीही कराव्यात.

काय करू नका, तेही सांगते. ‘प्रीप्रेग्नन्सी पॅकेज’ म्हणून साठ-सत्तर तपासण्या विकल्या जातात. त्यातलं टॉर्च पॅनेल, म्हणजे बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या तपासण्यांचा संच, सोडा. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा जुना संसर्ग होऊन गेला एवढंच, पण त्यावर महिनोनमहिने औषधं खाणाऱ्या बायका आहेत. बीजांचा साठा दाखवणाऱ्या एएमएचवरून नैसर्गिकपणे दिवस राहतील की नाही हे ठरत नाही, आणि पीसीओएसमध्ये तो वाढलेलाच असतो. ट्यूमर मार्करचा (कर्करोगाशी संबंधित रक्ततपासण्यांचा) इथे काहीच संबंध नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यात फोलिक सुरू आणि बीपी-वजनाची नोंद. एकाच सकाळी ग्लुकोजची चाचणी, एचबीएवनसी, सीबीसी, टीएसएच, क्रिएटिनिन, बी-१२, लघवी आणि रुबेला, सगळं एकाच फेरीत होतं. सीबीसी बघून एचपीएलसीचं ठरवा. मूळ वर सांगितलेल्या पट्ट्यांतलं किंवा समाजांतलं असेल तर सीबीसी कसाही आला तरी करा. मग रिपोर्ट आणि औषधांची पिशवी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. शुगर उंबरठ्यावर आली तर तीन महिन्यांनी पुन्हा. यात बदल होईल तो तुमच्या जुन्या आजारांवरून आणि रिपोर्टवरून. आधी गर्भपात झाला असेल, कावीळ किंवा क्षय झाला असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

सासूबाईंशी बोलताना ‘माझ्यात काही दोष आहे का ते बघतेय’ असा सूर लागू देऊ नका, घरात तोच अर्थ घेतला जातो आणि तपासणी लांबते. कॅलेंडर समोर धरून पाळीच्या तारखेपासून आठवडे मोजून दाखवा, सहाव्यावर बोट ठेवा. आणि नवऱ्याला सोबत न्या. त्याच्या रक्ताचीही गरज आहेच, शिवाय मुलगा स्वतः रक्त देऊन आला की ‘सुनेच्या तपासण्या’ हा विषय घरात आपोआप मिटतो.